हात हलतो का ते सगळे बघतात, हाताला कळतं का ते कोण बघणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण वसई-विरारमध्ये राहत असाल आणि घरात, चाळीत, बिल्डिंगमध्ये लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. निदान मधला वर्षाच्या आतल्या बाळांबद्दलचा भाग तरी वाचाच.

गेली वीस-बावीस वर्षं मी या शहरात बातम्या देतोय. या काळात 'दिव्यांगांना साहित्य वाटप' या मथळ्याच्या किती बातम्या दिल्या असतील, मोजदाद नाही. साचा ठरलेला असतो. मंडप, फ्लेक्स, मान्यवर, शाल-श्रीफळ, मग व्हीलचेअरवर बसलेलं एक मूल आणि त्याच्यामागे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. फोटोत मूल कॅमेऱ्याकडे बघत नसलं तरी चालतं, मान्यवर बघत असले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी चार ओळी आणि तीन कॉलमी फोटो. मी छापलंय हे सगळं. आज जे लिहितोय त्यात मलाही धरा.

कारण या वीस वर्षांत एकदाही मी त्या मंडपात कुणाला विचारलं नाही, की साहेब, या पोराच्या हाताला थेरपी कोण देतंय? आठवड्यातून किती वेळा? कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्याच भाच्यामुळे. तोही उशिरा.

माझी धाकटी बहीण नालासोपारा पूर्वेला राहते. नवरा रिक्षा चालवतो. पोरगा दिवसांआधी झाला, तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. घरी आला तेव्हा सगळे खूश. सहा-सात महिन्यांचा झाल्यावर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. खुळखुळा, बिस्कीट, आजीची साखळी, जे काय पकडायचा ते डाव्या हातानं. उजवी मूठ मिटलेली. अंगठा आत.

माझी आई म्हणाली, डावरा होणार. शेजारची काकू म्हणाली, डावरी पोरं हुशार असतात, अमिताभ बच्चन बघा. मीपण हसलो. ज्या डॉक्टरांकडे लस द्यायला नेत होतो त्यांनाही बहिणीनं विचारलं होतं. ते म्हणाले, होईल हळूहळू, काही मुलं स्लो असतात.

सेरेब्रल पाल्सी हे शब्द आमच्या घरात आले तेव्हा पोरगा अडीच वर्षांचा होता. शरीराची उजवी बाजू. म्हणजे मेंदूच्या डाव्या भागाला जन्माच्या आसपास इजा झालेली.

आता हे नीट वाचा. वर्षाच्या आतलं मूल सहसा दोन्ही हात सारखेच वापरतं. डावखुरं की उजवं हे त्यानंतर हळूहळू ठरत जातं. बारा महिन्यांच्या आत बाळ एकच हात पुढे करत असेल आणि दुसरी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असेल, तर ते डावखुरेपण समजून सोडून देऊ नका. तो धोक्याचा इशारा असू शकतो. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, जन्मल्यावर उशिरा रडलं असेल, कावीळ फार चढली असेल, झटके आले असतील, तर वाटच बघू नका. बालमेंदूतज्ज्ञाला दाखवा. आज जगभर मान्य असलेल्या तपासण्या आहेत, त्यांनी सहा महिन्यांच्या आतही सीपीचा अंदाज येऊ शकतो. आम्ही दोन वर्षं घालवली, तीही 'हुशार होणार' म्हणत. लहान वयात मेंदूची नवं शिकण्याची ताकद सगळ्यात जास्त असते, ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो.

भाचा सात वर्षांचा झाला. चालतो, थोडा लंगडतो. बोलायला फटाकडा आहे. पण उजवा हात असून नसल्यासारखा. शाळेची बाटली डाव्या हातात, झाकण दातात. मी घरी गेलो की ओरडायचो, "अरे उजवा हात वापर ना! देवानं दोन दिलेत ना? आळशी कुठला." तो हसायचा, हात थोडा उचलायचा आणि दोन मिनिटांत परत पोटाशी घ्यायचा. मला वाटायचं जिद्दच नाही पोरात.

मग कुणीतरी वसईतल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमचं नाव सांगितलं. एका गाळ्यात त्यांनी छोटं सेंटर काढलं होतं. मी सोबत गेलो होतो. त्यांनी पोराला समोर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. डाव्या हातात चावी दिली. "चावी." नाणं दिलं. "पाच रुपये." जुनं जाड नाणं होतं, त्यानं रक्कमसुद्धा सांगितली. मग तेच उजव्या हातात. मॅडमनी स्वतः त्याची बोटं वस्तूवर मिटवून दिली, म्हणजे पकडायला जमत नाही ही सबब राहू नये. चावी. "काहीतरी आहे." काय आहे? "माहीत नाही." मग नाणं.

"काहीच नाही, मामा. हात रिकामाय."

नाणं त्याच्या तळहातावर होतं. मला दिसत होतं.

मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही याला हात वापर म्हणता. त्याच्यासाठी त्या हातात काही नसतंच. कशाला वापरेल?"

सात वर्षांत कितीतरी लोकांनी त्या हाताची तपासणी केली होती. कोपर किती सरळ होतो, मनगट किती वळतं, ताठरपणा किती, सगळं बघितलं. त्या हाताला काय *कळतं*, हे पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण त्या दिवसापासून जे वाचलं, जाणकारांना विचारलं, ते सोप्या भाषेत मांडतो. चुकलं तर कमेंटमध्ये डॉक्टर मंडळींनी दुरुस्त करावं.

आपण हाताला अवजार समजतो. पण हात हा डोळ्यासारखा माहिती घेणारा अवयवही आहे. अंधारात खिशातून चावी काढतो, बघितल्याशिवाय शर्टाचं बटण लावतो, भाताचा घास किती दाबायचा ते ठरवतो, हे सगळं बोटांकडून मेंदूला सतत बातमी जाते म्हणून जमतं. आगाशी-निर्मळच्या वाडीत पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या बाईला विचारा, तिची बोटं अर्ध्या उजेडात ओळखतात कुठली कळी आज फुलणार आणि कुठली उद्या. अर्नाळ्याला जाळं शिवणारा कोळी तुमच्याशी गप्पा मारत गाठ मारतो, खाली बघतसुद्धा नाही.

सेरेब्रल पाल्सी म्हटलं की आपण स्नायू बघतो, कारण तेच दिसतं. पण इजा मेंदूला झालेली असते, आणि मेंदूचा तोच परिसर स्पर्शाचंही काम बघतो. एका बाजूचा सीपी असलेल्या कितीतरी मुलांच्या त्या हाताची समजही कमी असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. चिमटा काढला तर कळतो, गरम-थंड बहुतेकदा कळतं, म्हणून घरच्यांना संशयच येत नाही. पण वस्तू गोल की चौकोनी, खरखरीत की गुळगुळीत, एका बोटाला हात लागला की दोन बोटांना, ते कळत नाही. डोळे मिटून वस्तू ओळखण्याच्या या क्षमतेला स्टिरिओग्नोसिस म्हणतात. शब्द अवघड आहे, तपासणी सोपी आहे. रुमाल, चावी, नाणं, चमचा. खर्च शून्य.

न कळणारा हात माणूस वापरत नाही, हे आधी माकडांवर कळलं. एडवर्ड टॉब नावाचे अमेरिकन संशोधक होते. माकडाच्या एका हाताची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या, हालचालीच्या नसा शाबूत ठेवल्या. हात हलू शकत होता, तरी माकडानं तो वापरणं सोडून दिलं. मग चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा ते 'निकामी' हातानं खायला लागलं. या माकडांच्या हालांवरून १९८१ साली तिकडे मोठं प्रकरण झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्यातून एक गोष्ट हाती लागली. हात न वापरण्याचीही सवय लागते, आणि ती मोडता येते. त्यावरूनच आजची उपचारपद्धत आली. चांगल्या हातावर काही तास मोजा किंवा पट्टी चढवायची आणि दुसऱ्या हाताकडून खेळीमेळीत, टप्प्याटप्प्यानं काम करून घ्यायचं. दुसरी पद्धत दोन्ही हात मिळून करायच्या कामांची, डबा उघडणं, पीठ मळणं, पतंगाची दोरी गुंडाळणं. या दोन्ही पद्धतींना आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे. (हे वाचून घरी पोराचा हात बांधू नका. तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय ते करायचं नसतं.)

स्पर्शाच्या समजेचाही सराव असतो. मेलबर्नच्या लीअन केरी यांनी स्ट्रोक झालेल्या मोठ्या माणसांसाठी तो बसवला, पुढे तोच मुलांसाठी आणला गेला. वस्तू आधी न बघता ओळखायची, मग बघून खात्री करायची, मग चांगल्या हाताशी ताडून बघायची, मग पुन्हा न बघता. मुलांवरचे अभ्यास अजून छोट्या गटांवरचे आहेत. ही जादू नाही. पण दिशा कळलेली आहे. पोरानं स्वतः हात चालवला पाहिजे, काम त्याच्या आवडीचं पाहिजे आणि सराव भरपूर पाहिजे. पोर पडून राहिलंय, दुसरं कोणीतरी हात ओढतंय, तेल चोळतंय, यानं कामाचा हात तयार होत नाही. ते ऐकून माझ्या आईला वाईट वाटलं. पाच वर्षं तिनं रोज तेल लावलंय. मी म्हटलं, लाव, माया म्हणून लाव. पण उपचार म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस.

भाच्याचं सांगतो. तांदळाचा डबा घेतला, त्यात वाल, सुपारी, बाटलीचं झाकण, चावी लपवायची. राजोडीला नेऊन ओल्या वाळूत हात घालायचा. आठवड्यातून तीनदा मॅडमकडे, रोज अर्धा तास घरी. साताठ महिन्यांनी पोरगं उजव्या खिशात हात घालून एक रुपया की पाच रुपये ते सांगायला लागलं. दहातून सात-आठ वेळा बरोबर. बटणाला अजून वेळ लागतो. पण बाटलीचं झाकण आता दातात नसतं. बाटली उजव्या हातानं धरतो, डाव्यानं उघडतो. तुम्हाला किरकोळ वाटेल. माझी बहीण त्या दिवशी रडली होती.

आणि मग ते सेंटर बंद झालं.

भाडं परवडेना. मॅडम मुंबईला नोकरीला गेल्या. त्यांना दोष देत नाही. एका सेशनचे ६०० रुपये घेत होत्या. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला सात हजारांच्या वर. रिक्षावाल्याच्या घरातून तेवढे काढताना बहिणीनं काय काय विकलं ते मला माहीत आहे. तरी मॅडमचं भाडं निघत नव्हतं. कुटुंबाला परवडत नाही आणि थेरपिस्टलाही परवडत नाही, तिथे सरकारनं यायचं असतं. त्यालाच सार्वजनिक आरोग्य म्हणतात.

आता लोक सांगतात, मुंबई जवळ आहे, हाजीअलीला जा. बरोबर आहे. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. केईएम, नायर, सायन आहेत. पण सकाळच्या गाडीत नालासोपाऱ्याला सात-आठ वर्षांचं लंगडणारं पोर घेऊन कधी चढलायत? दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट लोकांची गर्दी, वरून "मॅडम, पोराला काय झालंय, दिसतंय तर बरं" हे ऐकायचं. जायला दोन तास, यायला दोन तास, हातात थेरपी अर्धा-पाऊण तास. शाळा बुडली, आईची घरकामाची एक पाळी बुडली. असं महिन्यातून दोनदा जमलं तर खूप.

इथे जरा हिशेब मांडा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आजवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. हाताच्या एकूण कामात फरक पडायला साधारण ३० ते ४० तासांचा सराव लागतो, तोही काही आठवड्यांत सलग. महिन्यातून दोनदा अर्धा तास, म्हणजे महिन्याला एक तास. चाळीस तासांना चाळीस महिने लागतील. सवातीन वर्षं! त्याला उपचार म्हणायचं नाही, हजेरी म्हणायचं.

आता सगळ्यात कडू गोष्ट.

६ फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, देशासाठी सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, जन्मजात दोष आणि वाढीतले अडथळे लवकर ओळखणं, पुढचा उपचार फुकट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा पथक जाणार. जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, तिथे डॉक्टर, थेरपिस्ट, विशेष शिक्षक एका छताखाली. आणि या कार्यक्रमाचं उद्घाटन कुठे झालं? दिल्लीत नाही, मुंबईत नाही. पालघरला! सोनिया गांधी आल्या होत्या. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.

म्हणजे ज्या मातीत या योजनेचा नारळ फुटला, त्या मातीतल्या पोराच्या हातात चावी ठेवून बघायला सात वर्षं लागली, आणि तेही खाजगी गाळ्यात, ६०० रुपये मोजून.

पथकातल्या डॉक्टर-नर्सना मी नावं ठेवत नाही. उन्हातान्हात फिरतात बिचारे. पण तपासून चिठ्ठी दिली की काम संपतं का? चिठ्ठी घेऊन आई कुठे जाणार? चिठ्ठीवरच्या पत्त्यावर दार उघडं पाहिजे ना.

कायदा काय म्हणतो तेही बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. सेरेब्रल पाल्सी त्यात स्पष्ट आहे. कलम २५ सांगतं, सरकार आणि *स्थानिक प्राधिकरणांनी* जवळपासच्या ठिकाणी मोफत आरोग्यसेवा द्यायची, त्याला उत्पन्नाची अट असू शकते. धोका असलेली मुलं शोधायला सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायची. कलम २७ पुनर्वसनाबद्दल आहे. त्यात 'आर्थिक कुवतीनुसार' अशी एक पळवाट आहे आणि सगळे अधिकारी त्याच पळवाटेवर बाकडं टाकून बसलेत. "निधी नाही हो."

निधी नाही? महाराष्ट्रात महापालिकांनी आपल्या निधीतला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. आधी ३ होता, आता ५. आपली महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, चार नगरपरिषदा आणि पन्नासेक गावं मिळून. २०११ च्या जनगणनेतच सव्वाबारा लाख लोक होते, आज किती ते लोकलच्या दारात लटकून मोजा. एवढ्या शहराचे पाच टक्के ही लहान रक्कम नाही. प्रश्न इतकाच आहे, की ते पैसे कशावर जातात. अनुदानाचे धनादेश आणि साहित्य वाटप, की रोज दार उघडणारी एक खोली आणि त्यात बसलेला माणूस?

धनादेशाला माझा विरोध नाही. ज्या घरात अडचण आहे तिथे दोन हजारही मोठे असतात. व्हीलचेअर ज्याला लागते त्याला मिळालीच पाहिजे. पण थेरपीचा फोटो निघत नाही. पोर तांदळात हात घालून बसलंय, याचा फ्लेक्स कोण लावणार? आठ महिन्यांनी त्याला नाणं ओळखता आलं, याचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करणार? आमची, म्हणजे पत्रकारांची चूक हीच, की जे फोटोत येतं तेच आम्ही काम समजलो.

'महापालिकेचं हे कामच नाही' म्हणणाऱ्यांसाठी. केईएम, नायर, सायन ही तिन्ही मुंबई महापालिकेची रुग्णालयं, आणि तिन्ही ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपी नुसती मिळत नाही, शिकवली जाते. नवी मुंबई महापालिकेचं वाशीला ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांचं शिक्षण आणि थेरपी एकत्र, देशभरातून लोक बघायला येतात. पिंपरी-चिंचवड पालिकेनं मोरवाडीत दिव्यांग भवन उभारलंय. ही सगळी आपल्यासारखीच शहरं आहेत. त्यांना जमतं, आपण काय फक्त टँकर आणि खड्ड्यांसाठी जन्मलोय?

आणि एक इतिहास आपल्याला माहीत पाहिजे. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली परळला, केईएममध्ये सुरू झाली. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्न करून मराठी घरात आलेल्या आणि इथल्याच झालेल्या बाई. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, सीपी असलेल्या आपल्या मुलीला शिकायला जागा नव्हती म्हणून. ती मुलगी, मालिनी चिब, परदेशात जाऊन उच्च शिक्षण घेऊन आली आणि एका बोटानं टाइप करून तिनं आपलं आत्मचरित्र लिहिलं. 'वन लिटल फिंगर' हेच त्याचं नाव. म्हणजे या विषयातलं देशातलं पहिलं काम आपल्याच वेस्टर्न लाइनच्या टोकाला झालं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. लोकल दीड-पावणेदोन तासांत येते. थेरपीला सत्तरहून जास्त वर्षं झाली, अजून येतेय.

सरकारी दार बंद असलं की दुसरी दारं उघडतात, हेही बोललं पाहिजे. 'सीपी पूर्ण बरा', 'स्टेम सेलने चमत्कार' अशा जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येत असतील. माझ्या बहिणीच्या येतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठराविक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल उपचार हा मंजूर चाचणीच्या बाहेर, पैसे घेऊन द्यायचा नाही. तरी लोक दागिने विकतात. कारण ६०० रुपयांची खरी थेरपी बंद पडते आणि लाखोंचा चमत्कार चोवीस तास चालू असतो. फसणाऱ्याला मूर्ख म्हणू नका. त्याला दुसरं दार दाखवलंच नाही कुणी.

म्हणून माझ्या मागण्या. फार नाहीत.

१. तुळिंजचं पालिका रुग्णालय आणि वसई गावचं डी. एम. पेटिट रुग्णालय, दोन्ही ठिकाणी मुलांच्या हाताच्या थेरपीची खोली, आठवड्यातून सहा दिवस. ऑक्युपेशनल थेरपिस्ट कायम पदावर, शिबिरापुरता नाही, अकरा महिन्यांच्या करारावरही नाही. फिजिओथेरपिस्ट असेल तर उत्तमच, पण दोघांचं काम वेगळं आहे, एकाच्या बदल्यात दुसरा दाखवू नका.

२. तपासणीत नुसती हालचाल नको, स्पर्शाची समजही नोंदवा. रुमाल आणि चावी मी आणून देतो.

३. काचेच्या पेटीतून घरी गेलेल्या प्रत्येक बाळाचा पहिली दोन वर्षं पाठपुरावा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना 'वर्षाच्या आत एकच हात' हा इशारा शिकवा. त्यांना हे सांगायला अर्धा दिवस पुरतो.

४. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत सलग तीन-चार आठवड्यांचे हाताच्या सरावाचे वर्ग. पालकांनाही शिकवा, म्हणजे घरी सराव होईल. ३०-४० तास असेच भरतील.

५. पाच टक्के निधीतून थेरपीवर किती खर्च झाला, ते दरवर्षी महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. जून २०२० पासून काही वर्षं प्रशासक राजवट होती, विचारायला नगरसेवकच नव्हते, ही सबब ऐकून झाली. आता ज्याच्या त्याच्या टेबलावर हा कागद ठेवायचा.

या पाचव्या मुद्द्यावर मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. गेल्या पाच वर्षांचा हिशेब आणि थेरपिस्टची मंजूर पदं किती, भरलेली किती. नियमाप्रमाणे ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलेलं उत्तर जसंच्या तसं इथे टाकेन. चांगलं निघालं तर जाहीर कौतुक करेन, माझा काही कुणाशी बांधाचा वाद नाही.

पालकांनो, तोवर तुमच्यासाठी. यूडीआयडी कार्ड काढून घ्या, पुढची बहुतेक दारं त्यानंच उघडतात. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना सीपीला लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीसाठीही काही रक्कम आहे. आणि आज रात्री जेवणं झाली की पोराच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, खेळ म्हणून. एकेका हातात चमचा, चावी, नाणं द्या. ओळखता आलं नाही तर रागावू नका. ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि माझ्यासारख्या मामा, काका, आजोबांसाठी. "हात वापर ना, आळशी" हे वाक्य आजपासून बंद. मी ते किती वर्षं म्हणत होतो. भाच्यानं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. त्याला वाटायचं, सगळ्यांचाच एक हात असा मुका असतो आणि तरी ते वापरतात, आपल्यालाच जमत नाही. हे त्यानं मला गेल्या महिन्यात सांगितलं.

पत्रकार मित्रांनो, पुढच्या साहित्य वाटपाच्या मंडपात आपण भेटूच. फोटो काढूया. पण बातमीत एक ओळ जास्त घालूया. 'या मुलांना थेरपी कुठे मिळते, या प्रश्नावर मान्यवरांनी असं उत्तर दिलं.' जे देतील ते उत्तर छापायचं. नाही दिलं, तर नाही दिलं असं छापायचं.

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत असं मूल आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त परिसर आणि मुलाचं वय लिहा, मुलाचं नाव किंवा फोटो टाकू नका. नालासोपारा, आचोळे, माणिकपूर, गोखिवरे, चंदनसार, अर्नाळा, कुठलंही. यादी घेऊन आयुक्तांकडे जायचंय. 'अशी मुलं आहेतच किती' हे विचारलं जाणारच आहे. जगभरात हजार मुलांमागे साधारण दोन ते तीन असतात, हा आकडा मी सांगेनच. पण आकड्यापेक्षा पत्त्यांची यादी टेबलावर पडलेली बरी.

पोस्ट शेअर करायला परवानगी विचारू नका. करा.